गायींनी डोळे मिटले नव्हते

पहिली वसली बुरशीने खाल्ली. मागच्या वर्षीचा आषाढ होता. ठाण्यात नौपाड्यातलं आमचं घर तळमजल्यावर, पावसाळाभर भिंतींना ओल. पाटाखाली, वर वरवंटा ठेवून तीन दिवस दाबलेला कागद मी मोठ्या उत्सुकतेने बाहेर काढला, तर एका कोपऱ्यापासून पार मधोमधपर्यंत करड्या-हिरव्या ठिपक्यांची रांग गेली होती. भिजलेल्या गोणपाटासारखा वास येत होता.

वसली म्हणजे लघुचित्राचा कागद. तयारही मिळतो, पण आमच्या सरांचा नियम असा की पहिलं चित्र स्वतः घडवलेल्या वसलीवरच करायचं. हातकागदाचे तीन ताव मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, मधली हवा तळहाताने कडेकडे सरकवत बाहेर काढायची, सुरकुती पडू द्यायची नाही, आणि मग वजनाखाली निवांत वाळू द्यायचं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी. ज्या शेगडीवर अण्णांचा वरणभात होतो तिच्यावरच हे शिजवायचं, या धास्तीने मी सांगितल्याच्या निम्माच घातला होता.

सरांनी वसली हातात घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, "मोरचूद किती?" मी खरं ते सांगितलं. "खळ शिजवून खाली उतरवा, गॅलरीत न्या, मग घाला. भांडं वेगळं, चमचा वेगळा, हात धुवा. पण प्रमाण पूर्ण." एवढंच बोलून त्यांनी ती बाजूला ठेवली. दुसरी वसली त्यांनी पावसाळ्यात करूच दिली नाही. "आता फक्त रेघ," म्हणाले. म्हणून आषाढ ते भाद्रपद मी साध्या कागदावर रेघा मारल्या.

सर मूळचे राजस्थानातले, जयपूरला शिकलेले. ठाण्यात येऊन वीस वर्षं झाली, मराठी सहज बोलतात, मोजताना मात्र हिंदीत मोजतात. पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी त्यांचा वर्ग भरतो. आम्ही पाच जणी आणि एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका. सगळे जमिनीवर, मांडीसमोर उतरता पाट. टेबलावर बसून हे काम होत नाही, कारण कागद सतत फिरवावा लागतो. तो का फिरवायचा हे मला फार नंतर कळलं.

मी या वर्गाला का गेले, तर अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. काचबिंदूने त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेली आणि उजव्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. चातुर्मासात ते भागवताचा दशमस्कंध वाचायचे. ते थांबल्यावर रोज संध्याकाळी दिवा लावून मी वाचू लागले आणि ते ऐकू लागले. बरेचसे श्लोक त्यांना पाठच आहेत. मी अडखळले की पुढचा शब्द तिकडून येतो. एकोणिसाव्या अध्यायाला आलो, दावानळाच्या, तेव्हा ते म्हणाले, "या प्रसंगाचं एक चित्र पाहिलं होतं गं, तरुणपणी. पहाडी. सगळी पोरं डोळे झाकून उभी, आणि हा एकटा आग पितोय. आग कशी काढली होती ते आता आठवत नाही." त्यांना ते आठवत नव्हतं याचं त्यांना वाईट वाटत होतं. मला शाळेपासून चित्रकलेची आवड, नंतर हिशेबांच्या नोकरीत ती मागे पडली. त्याच आठवड्यात मी वर्गाची चौकशी केली.

प्रसंग थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ग्रीष्म आहे. मुलं खेळात गुंगतात आणि गायी चरत चरत मुंज गवताच्या रानात शिरतात. (आपल्याकडची मुंज ती याच गवताच्या मेखलेवरून.) तहानेने व्याकूळ होऊन त्या हंबरत असतात. कृष्ण त्यांना नावांनी हाका मारतो, मेघासारख्या गंभीर आवाजात, आणि आपापलं नाव ऐकून त्या आनंदाने ओ देतात. तेवढ्यात चारी बाजूंनी वणवा पेटतो. मुलं कृष्ण-बलरामांना शरण जातात. कृष्ण म्हणतो, डोळे मिटा, भिऊ नका. मुलं डोळे मिटतात आणि तो ती आग तोंडाने पिऊन टाकतो. डोळे उघडावेत तर सगळे भांडीर वटाशी पोचलेले.

सरांकडे या प्रसंगाचा पहाडी शैलीतला, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या छोट्या राज्यांतल्या शैलीतला, एक खाका होता. खाका म्हणजे नुसत्या रेघांचं मूळ चित्र, ज्याच्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडलेली असतात. तो नव्या कागदावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलक्या हाताने वर आपटायची. पूड भोकांतून खाली उतरते आणि ठिपक्यांचं चित्र उमटतं. पिढ्यान्‌पिढ्या प्रसंग असेच एका घरातून दुसऱ्या घरात गेले. पूर्वी हरणाच्या पातळ कातड्यावर खाके काढून ठेवत. सरांचा खाका साध्या ट्रेसिंग पेपरचा होता, पण कडा हाताळून हाताळून तेलकट झाल्या होत्या.

रेघा मारण्याच्या त्या तीन महिन्यांत मी एका शनिवारी मुंबईला जाऊन आले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं लघुचित्रांचं दालन नीट पाहायचं होतं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथून धावत पुढे गेलो होतो, कारण पुढे भुसा भरलेले प्राणी होते. दालनात उजेड मंद ठेवतात, जास्त प्रकाशाने रंग उडतात म्हणून. डोळे सरावायला थोडा वेळ द्यावा लागतो. मग एकेक गोष्ट वर येते: केळीच्या पानाची शीर, ओढणीतून दिसणारी वेणी. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच. पोथीची पानं म्हणून, गठ्ठ्यात बांधून ठेवण्यासाठी आणि मांडीवर घेऊन पाहण्यासाठी ती काढलेली असत, म्हणून ती वीतभर अंतरावरूनच बोलतात.

मेवाडच्या, म्हणजे उदयपूरच्या, राणा जगतसिंहासाठी १६४९ ते १६५३ या काळात रामायणाची जी प्रचंड सचित्र पोथी तयार झाली, तिचं मनोहर या चित्रकाराने १६४९ मध्ये रंगवलेलं बालकांड या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पोथीचा बराच मोठा भाग लंडनला आहे. त्या पोथीत एकाच चौकटीत राम दोनदा-तीनदा दिसतो: इकडे निघालेला, मधे बोलणारा, तिकडे पोचलेला. सिंधुदुर्गातले पिंगुळीचे चित्रकथी एक पान दाखवून झालं की दुसरं पुढे करतात आणि कथा पुढे नेतात. मेवाडच्या चित्रकाराने तेच पुढे सरकणं एका पानात बसवलं. पाहणाऱ्याने नजर फिरवली की काळ पुढे जातो. घरी आल्यावर मी सरांचा खाका पुन्हा पाहिला, तेव्हा डाव्या वरच्या कोपऱ्यातली गवतात बुडालेली गाय मला पहिल्यांदा दिसली. ती वणव्यात नव्हतीच. ती आधीची होती, हाकेला मान वर करणारी.

ऑक्टोबरात ऊन तापलं आणि दुसरी वसली केली. मोरचूद पूर्ण घातला. वाळायला चार दिवस लागले, पण पापडासारखी कडक निघाली. मग घोटाई. अकीक दगडाचा गुळगुळीत घोटा घेऊन कागदावर गोल गोल नाही, सरळ जोर देऊन घासायचं, एका दिशेला आणि मग आडव्या दिशेला. आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट त्यासाठी उत्तम निघाला. तासाभराने कागदाचा रंग तोच राहतो, पण त्यावरून बोट फिरवलं तर तांदळाच्या पिठातून फिरवल्यासारखं वाटतं. असा कागद रंग पिऊन टाकत नाही, वर धरून ठेवतो, आणि केसाएवढी रेघही फुटत नाही. इथे आळस केला की पुढे प्रत्येक रेघ त्याची आठवण करून देते.

रंगांबद्दल मी लांबवणार आहे, कारण या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त सुख त्यांनी दिलं.

गेरू मी जांभळीनाक्याच्या बाजारातून आणला, रांगोळी आणि पूजेचं सामान विकतात तिथून. दगडी खलात पाण्याबरोबर घोटला, निथळला, पुन्हा घोटला. असं तीनदा. दर वेळी खडबडीत भाग तळाशी राहतो आणि वरचं तांबडं पाणी दुसऱ्या वाटीत ओतून घ्यायचं. काजळ घरीच धरलं: तिळाच्या तेलाची वात, वर पालथी तांब्याची वाटी. पिवळ्यासाठी रामरज माती. भडक लालसाठी हिंगूळ, तो सरांनी स्वतः शुद्ध करून दिला. त्यात पारा असतो, त्यामुळे घोटताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल. हरताळ मात्र त्यांनी दिलाच नाही. तो सोमलाचा, जुन्या चित्रांतला लखलखीत पिवळा. पोथी लिहिताना अक्षर चुकलं तर त्यावर हाच हरताळ लावून ते बुजवत आणि वर पुन्हा लिहीत, आणि त्यातूनच आपण आजही एखाद्या गोष्टीला हरताळ फासला असं म्हणतो. वाटीभर रंगापुढे बसल्यावर हा वाक्प्रचार मला वेगळाच ऐकू आला.

आणखी एक पिवळा होता, जो आता होत नाही. त्याला गोगिली किंवा पेवडी म्हणत. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लिहून ठेवलं आहे की बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी गवळी गायींना आंब्याची पानं खाऊ घालत, त्यांचं मूत्र आटवून हा रंग करत. त्यात गायींचे हाल होत, आणि तो बंद पडला याचं मला बरंच वाटतं. पण जुन्या राजस्थानी-पहाडी चित्रांतल्या कितीतरी पिवळ्यांत हा रंग सापडतो. म्हणजे गोपाळाच्या पीतांबराचा पिवळा गायीकडूनच आलेला. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या गायींना चारा कुठला मिळत होता हे विचारलंस ते चांगलं केलंस."

रंगात बाभळीचा डिंक घालतात, आणि खरी परीक्षा तिथे. कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर चकाकतो आणि काही दिवसांनी तडकतो. प्रमाण पुस्तकात सापडत नाही, कारण गेरूला लागतो तेवढा निळीला लागत नाही. रंगाचा एक ठिपका कागदाच्या तुकड्यावर लावायचा, वाळला की बोटाने घासायचा. माझ्या वहीत असे दोनशेहून जास्त ठिपके आहेत, प्रत्येकाखाली डिंकाचे किती थेंब ते लिहिलेलं.

खाका झाडला, ठिपक्यांवरून फिक्या गेरूने रेघ ओढली, त्यावर सफेद्याचा एक पातळ हात. रेघ दुधातून दिसावी तशी खालून दिसत राहते, आणि तिच्यावरूनच दुसऱ्यांदा, आता पक्की, ओढायची. मग सपाट रंग. प्रत्येक रंगाचे तीन-चार पातळ हात, आणि प्रत्येक हात वाळल्यावर चित्र ओट्यावर पालथं घालून मागून घोटा फिरवायचा. पहिल्यांदा चित्र पालथं घालताना माझा हात थरथरला. रंग दगडाला चिकटून येईल असंच वाटत होतं. उलट, उचललं तेव्हा कृष्णाची निळाई कागदात उतरून बसली होती, मीनाकारीसारखी. ती निळाई नीळ आणि सफेद्याची. काळा तिच्यात थेंबभरही नाही. मी आधी थोडं काजळ मिसळलं होतं, सावळा म्हणून. सरांनी तो तुकडा उन्हात धरून दाखवला: रंग मेला होता. "सावळा म्हणजे काळा घातलेला निळा नाही. ढगात पाणी दिसलं पाहिजे."

उजेडाची अडचण होती. आमच्या उत्तरेच्या खिडकीसमोर दोन वर्षांपूर्वी टॉवर उभा राहिला आणि खोलीतला सकाळचा उजेड गेला. रंग ठरवण्यापुरती मी पाट घेऊन वर गच्चीत जात असे, ऑफिसला निघण्याआधी तासभर. नोव्हेंबरात एकदा वाऱ्याने निळीचा शिंपला उलटला आणि चार थेंब बलरामाच्या पायाशी पडले. पुसायला गेले असते तर पसरले असते. ते वाळू दिले, मग ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक थेंब मऊ करून टिपकागदाने उचलला, घोटलं, आणि गवताचा हिरवा पुन्हा चढवला. आजही तिथलं गवत किंचित गडद आहे. मला ते आवडतं.

मग आग.

आगीवर माझे सहा आठवडे गेले. खाक्यात नुसती बाहेरची कड होती. आतल्या ज्वाळा आपणच काढायच्या. पहिल्या प्रयत्नात मी पिवळा, नारिंगी, हिंगूळ असे तीन रंग लावले, सुबक वळणं काढली, आणि समोर केशरी पाकळ्यांचं कमळ उमलल्यासारखं काहीतरी झालं. देखणं होतं, पण जाळणारं नव्हतं. सरांनी तो भाग बराच वेळ पाहिला. "ज्वाळा कुठे चालल्यात?" मी म्हटलं, "वर." "वर कशाला? तो पितोय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेघ जिथे सुरू होते तिथे ती जाड असते आणि जिथे संपते तिथे बारीक. मी सगळ्या ज्वाळा जमिनीतून सुरू करून आभाळात संपवल्या होत्या. या चित्रात त्या चारी दिशांनी निघून कृष्णाच्या ओठांशी संपायला हव्या होत्या, डावीकडच्या उजवीकडे, उजवीकडच्या डावीकडे, वरच्या खाली. हात तर एकाच दिशेने नीट चालतो, मनगटापासून बाहेर. म्हणून कागद फिरवायचा. कृष्णाचं तोंड कायम आपल्यापासून दूरच्या टोकाला ठेवायचं आणि पाट फिरवत फिरवत सगळी आग त्याच्याकडे ओढून न्यायची. मी ओल्या ब्रशने जुनी आग उचलून काढली, जागा पुन्हा पांढरी केली, घोटली, आणि नव्याने सुरुवात केली. डिसेंबरातल्या एका रात्री, काम थांबवून पाट भिंतीला टेकवला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की आग आत चालली आहे. अंगावर काटा आला.

ब्रशबद्दल विचारणारे फार भेटतात, म्हणून सांगते. पूर्वी हे ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे बांधत. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि कुणी दिले तरी घेऊ नयेत. आमच्या वर्गात सगळे कृत्रिम केसांचे, तिहेरी शून्य नंबरचे. त्यांचं टोक धरून राहत नाही अशी तक्रार असते, पण रंग घेतल्यावर अंगठ्याच्या नखावर टोक फिरवून घेतलं की काम होतं.

नवसं काही शिकले ते परदाजात. परदाज म्हणजे सपाट रंगावर त्याच रंगाच्या जराशा गडद छटेने अगदी बारीक तुटक रेघा टाकत गोलाई आणणं. गायीचं पोट, वशिंड, गळ्याची पोळी. एका गायीला दोन संध्याकाळी लागत. श्वास सोडून झाला की रेघ, मग श्वास. खाक्यात गायी नऊ. डावीकडच्या पांढरीला मी फिक्या करड्याने परदाज केला, तांबडीला गेरूने. आठवड्यातून चार दिवस ऑफिसमधून आल्यावर हेच काम. अण्णा शेजारी आरामखुर्चीत बसून असायचे आणि अधूनमधून विचारायचे, "आता कुठली?" मी म्हणायची, "कपिला." नावं आम्हीच ठेवली होती, कृष्णाने नावांनीच हाका मारल्या होत्या म्हणून.

ज्यांनी या शैलीला वळण दिलं ते लोक कोण होते, हे फार काळ कुणाला ठाऊक नव्हतं. पहाडी चित्रं राज्यांच्या नावांनी ओळखली जात: बसोहली, गुलेर, कांगडा. कलेचे इतिहासकार ब्रिजेन्द्रनाथ गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला तीर्थोपाध्याय आपली वही काढून आजोबा-पणजोबांची सही दाखवतात ना, तशाच त्या वह्या. यात्रेला आलेल्या चित्रकारांनी त्यांत आपली नावं, गावं, बापाचं नाव लिहिलेलं होतं. त्यांवरून घराणी जुळली. मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात १९६८ साली त्यांनी मांडलं की पहाडी शैली राज्याबरोबर बदलण्यापेक्षा घराण्याबरोबर चालते. गुलेरचे पंडित सेऊ, त्यांचे मुलगे मानकू आणि नैनसुख. मानकूने १७३० मध्ये गीतगोविंद रंगवलं. थोरल्याच्या चित्रांत रंग तापलेले, धाकट्याच्या चित्रांत माणसं शांत, निरखून पाहिलेली. १७८०च्या सुमारास त्यांच्या पुढच्या पिढीने भागवताची जी चित्रमाला केली, तिच्यातली झाडं आणि नदीकाठ पाहिले की कृष्ण मथुरेचा न वाटता कांगड्याच्या टेकड्यांतला वाटतो. बसोहलीच्या चित्रांतल्या दागिन्यांत पाचूच्या जागी हिरव्या भुंगेऱ्याच्या पंखांचे चकाकते तुकडे चिकटवलेले असत. वणवा पिणाऱ्या देवाच्या गळ्यातला पाचू म्हणजे रानातल्या किड्याचा पंख, ही कल्पना मला फार दिवस पुरली.

जानेवारीत खुलाई सुरू झाली, म्हणजे शेवटची रेघ. सगळे रंग बसल्यावर प्रत्येक आकार गडद बारीक रेघेने उघडायचा. खाक्यातली अकरा मुलं इथे वेगवेगळी झाली. एकाने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आहेत, एकाने कोपर आडवं धरलं आहे, एक दुसऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून उभा आहे. मला वाटलं होतं की डोळे काढायचे नाहीत तर काम सोपं. पण झाकलेल्या डोळ्यांची भीती बोटांत दाखवावी लागते. बोटं घट्ट जुळलेली की सैल, नखं पांढरी पडलेली की नाहीत. हरभऱ्याएवढ्या चेहऱ्यावर दहा बोटं.

आणि इथेच मी चूक केली. गायींची खुलाई करताना, सगळेच डोळे मिटून आहेत या ओघात, दोन गायींच्या पापण्या मी खाली आणल्या. छान शांत दिसल्या. त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा सहज सांगितलं, "नंदा आणि कपिलेचे डोळे मिटले."

"का?"

"सगळ्यांनी मिटलेत ना."

"बाळ, श्लोक म्हण."

मी म्हटला. 'वचो निशम्य कृपणं बन्धूनां भगवान् हरिः । निमीलयत मा भैष्ट लोचनानीत्यभाषत ॥'

"बन्धूनाम्. कुणाचं बोलणं ऐकलं त्याने? सवंगड्यांचं. शरण आले होते ते, रडत होते ते. डोळे मिटा म्हणाला तेही त्यांनाच. गायींना काही सांगितलेलं नाही. त्यांनी नुसती हाक ऐकली होती आणि ओ दिली होती."

मी खाका काढून पाहिला. नऊच्या नऊ गायींचे डोळे उघडे होते, आणि नऊही कृष्णाकडे पाहत होत्या. रेघा मी स्वतः कोळशाने झाडल्या होत्या, गेरूने ओढल्या होत्या, आणि तरी वाचल्या नव्हत्या. ज्याने कुणी हा खाका पहिल्यांदा बांधला त्याने श्लोक शब्द न शब्द वाचला होता. मुलांना जे पाहायला मना केलं ते गायींनी पाहिलं, चित्रकाराने पाहिलं, आणि पान मांडीवर घेऊन बसलेल्या प्रत्येकाला त्याने ते पाहू दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी गच्चीत जाऊन दोन्ही पापण्या ओल्या ब्रशने उचलल्या.

डोळे सगळ्यात शेवटी, ही जुनी रीत. त्याआधी सोनं. सोन्याचा वर्ख डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटून, धुऊन, शिंपल्यात वाळवलेला. तो फार महाग, म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांत एकच शिंपला फिरवला. मुकुटाला, बलरामाच्या कुंडलाला, आणि आगीत जिथे ज्वाळा ओठांना भिडतात तिथे सात रेघा. लावताना सोनं मातकट दिसतं. वाळल्यावर अकीकाच्या टोकाने घासलं की एकदम पेटतं. मोत्यांना सफेद्याचे जाडसर ठिपके, थेंबासारखे उठून आलेले.

डोळे माघातल्या एका रविवारी काढले, वर्गात, सकाळी अकराच्या सुमारास. आधी गायींचे, डावीकडून उजवीकडे. मग बलरामाचा. मग कृष्णाचा. एका बाजूने दिसणारा चेहरा, म्हणून डोळा एकच, तिळाएवढा. काजळाची वरची कड, कोपऱ्यात गुलाबीचा श्वासभर स्पर्श, आणि खसखशीच्या दाण्याएवढं बुबुळ. सरांनी भिंग पुढे सरकवलं, मी ते घेतलं नाही. हात सात महिन्यांत तयार झाला होता. बाहेर कुठेतरी भाजीवाला ओरडत होता. ठिपका ठेवला आणि ब्रश खाली ठेवला. काकांनी चष्मा काढला आणि कुणी काही बोललं नाही.

घरी आणल्यावर अण्णांना गॅलरीच्या दारात बसवलं. दुपारी तीननंतर तिथे तिरपं ऊन येतं. चित्र त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरून हळूहळू कलतं केलं. एका कोनात सोन्याच्या सात रेघांनी ऊन पकडलं आणि त्यांनी मान थोडी मागे घेतली.

"हे काय चमकलं?"

"आग. ओठांपाशी."

"पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. चार-पाच वेळा केलं. मग त्यांनी सगळं चित्र तोंडी ऐकलं, कोपऱ्यातल्या गवतातल्या गायीपासून. अकरा मुलांचे हात कसकसे आहेत ते एकेक विचारलं. खांद्यात तोंड खुपसलेल्या मुलाशी थांबले. शेवटी म्हणाले, "गायी?"

"नऊ. सगळ्या त्याच्याकडे बघताहेत."

पुढचा विसावा अध्याय पावसाचा आहे. वीज, बेडूक, भरून आलेल्या नद्या. सरांनी त्याचाही खाका शोधून ठेवला आहे. आत्ता चैत्र चालू आहे, ऊन कडक आहे, म्हणून या आठवड्यात मी चार वसल्या करून ठेवल्या. खळ गॅलरीत नेऊन मोरचूद घातला, पूर्ण मापाने, आणि चारही वसल्या गच्चीवर चटईत गुंडाळलेल्या पाटांखाली दाबून ठेवल्या आहेत. उद्या काढीन.